हातगाडीला धडकून ताईला एवढं कसं लागलं

मंडळी, दुपारपासून फोन करणारा प्रत्येकजण हेच विचारतोय, म्हणून इथे कम्युनिटीवरच लिहितोय.

सकाळी भाऊजी गाडी चालवत होते, ताई त्यांच्या शेजारी, मी मागे. काशीमीरा नाक्यावर हवालदार दिसला तसे भाऊजी म्हणाले, "अगं, बेल्ट धर." त्यांनी स्वतःचा लावलेला होता. ताईने बेल्ट खांद्यावरून ओढला आणि न अडकवता नुसता मांडीवर धरून ठेवला, आपल्याकडे सगळेच धरतात तसा. हवालदार मागे पडला, ताईने हात सोडला.

मीरा रोडकडे वळल्यावर पुढची रिक्षा एकदम बाजूला झाली आणि समोर लाद्यांनी भरलेली हातगाडी. भाऊजींनी ब्रेक दाबला, तरी गाडी धडकलीच. एवढ्या वजनाची हातगाडी म्हणजे भिंतच. ताईचं डोकं पुढच्या काचेवर आपटलं, काच डोळ्यात गेली.

हातगाडीवाला पुढून ओढत होता, म्हणून वाचला. लोक त्यालाच विचारत होते, "लगा क्या?" तो आमच्या गाडीत बघत म्हणाला, "मुझे छोडो, बहनजी को देखो."

ऑपरेशन झालंय. त्या डोळ्याने दिसेल की नाही, ते पट्टी काढल्यावर कळेल. भाऊजींना साधं खरचटलंही नाही. बाहेर बाकावर बसून आहेत. मघाशी मला म्हणाले, "मी तिला धर म्हणालो रे. लाव म्हणालो नाही."

तुमच्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला तुम्ही काय म्हणता?