मेंदूतली गाठ आणि आमचे दाजी

आमच्या दाजींइतका धंद्याला घातक माणूस बुऱ्हाणपुरात दुसरा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि आपण निवृत्त झालो हे त्यांना अजून पटलेलं नाही. पंगतीत शेजारचा पाहुणा हातातली जिलबी तशीच धरून पचनसंस्था ऐकत बसतो. खकनारच्या एका शेतकऱ्याशी मी केळीचा सौदा जुळवत आणला होता. "पानं करपलीत, माल हलका निघणार," एवढंच मी म्हणालो. दाजी वाकून बघत मला म्हणाले, "छे! हा करपा नव्हे. खालची जुनी पानं वाळणारच. घड तर उत्तम आहेत, शेठ!" शेतकऱ्याने तिथल्या तिथे भाव चढवला. मी शून्यातून वर आलेला माणूस. असल्या गोष्टी विसरत नाही.

ताईचा स्तनाचा कर्करोग बरा झाला असं आम्ही धरून चाललो होतो. मग चालताना तिचा तोल जाऊ लागला, आणि रोग मेंदूत पोचल्याचं निघालं. डॉक्टरांनी गाठ काढली, आणि तिचा तुकडा नव्याने तपासायला हवा म्हणाले. मी भडकलो. "रोग तोच, तर तपासणी दुसऱ्यांदा कशाला? माल एक बार तुल चुका, साहेब!"

डॉक्टरांच्या आधी दाजीच बोलले. "शेठ, गावी जसोंडीत तुम्ही कसं बोलता?"

"मराठी."

"आणि शनवाऱ्याच्या बाजारात?"

"हिंदी. धंदा आहे."

"माणूस तोच ना? पेशींचंही तसंच. मेंदूत टिकायचं तर तिथली रीत उचलावी लागते. काही जनुकं जागी होतात, काही गप्प बसतात. जुनं औषध जुनीच भाषा बोलणार. तिथे ऐकणार कोण?"

खाटेवरून ताई म्हणाली, "भाऊ, हो म्हण रे. नाहीतर हे पहिल्यापासून सांगतील."

मी हो म्हणालो. तपासणीत निघालं ते असं : आधी गप्प असलेलं एक जनुक मेंदूत जागं झालं होतं, आणि त्याच्यावर औषध होतं. रोग जाणार नाही, पण थोपवता येईल. किती दिवस, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी घासाघीस करून पाहिली. उपयोग झाला नाही.

घरी आल्यावर ताईने दाजींना विचारलं, "ते जागं झालेलं पुन्हा झोपेल का हो?"

"तसा प्रयत्न आहे."

"मग जरा हळू बोलत जा."

ती हसली. दाजी हसले नाहीत. तेव्हापासून ते घरात कुजबुजत बोलतात. माझा आवाज उभ्या बाजारात ओळखीचा. पण त्यांच्या दारात चप्पल काढली की मीही तसाच बोलतो.