खांद्याचे दोन पट्टे

त्याला सगळी टीम मामा म्हणायची. खरं तर तो एकाच पोरीचा मामा; पण ती गॅरेजभर "मामा, मामा" करत फिरायची, म्हणून मेकॅनिकही तेच म्हणायला लागले, आणि शेवटी मॅनेजरही, जो वयाने मामापेक्षा चांगला मोठा होता. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्यांना सांगता आलं नसतं. मामा फार उपयोगी माणूस होता. आणि उपयोगी माणसांचं पुढे काय होतं तेच सांगायचंय, तेव्हा गोड शेवटाची वाट बघू नका.

मामाचा मूळ धंदा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा. गल्लीच्या तोंडाशी दुकान, आत शिलाई मशीन, भिंतीला टेकून उभे केलेले रेक्झिनचे रोल, आणि सगळीकडे डिंकाचा डोकं धरणारा वास. त्याची थोरली बहीण, ताई, जवळच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर तिकिटं फाडायची. तिचा नवरा लवकर गेला होता. एकच मुलगी, घरात तिला बारकी म्हणत. शाळा सुटली की बारकी ट्रॅकवर, कारण आई तिथे. आणि रिकामं कार्ट दिसलं की कार्टमध्ये, कारण त्या पोरीचा पाय कधी थाऱ्यावर नव्हताच. पेडलपर्यंत पाय पुरायचे नाहीत, म्हणून मामाने पाठीशी घालायला एक जाड गादी शिवून दिली. पोर वाढत गेली तशी मामाने गादी पातळ करत नेली.

मग विजेच्या रेसगाड्या आल्या. एकट्या माणसाने बसायची, डोक्यावर छप्पर नसलेली, चाकं उघडी असलेली गाडी. दिसायला थेट पेट्रोलवाल्या मोठ्या रेसगाडीसारखी, आवाज मात्र मिक्सरचा. आज त्या गाडीसमोर उभं राहून फोटो काढायला ज्यांची झुंबड उडते ना, त्याच लोकांनी तेव्हा नाकं मुरडली होती. "खेळणी आहेत," म्हणायचे. आणि बॅटरी तर इतकी बेताची की अर्ध्या रेसमध्येच मान टाकायची. मग यावर यांनी शक्कल काय काढली? प्रत्येक ड्रायव्हरला दोन गाड्या! पहिलीचा जीव संपत आला की ड्रायव्हरने गॅरेजात शिरायचं, टुणकन बाहेर पडायचं, शेजारी तयार उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत बसायचं आणि उरलेली रेस तिच्यात पुरी करायची. हसताय काय? खरंच असं चालायचं.

नावाजलेले ड्रायव्हर असल्या खेळाकडे फिरकेनात. म्हणून बारकीला एका टीममध्ये सीट मिळाली. तिच्यातली गुणवत्ता वगैरे वर्तमानपत्रांना नंतर दिसली. आधी ती सीट कुणालाच नको होती, ही खरी गोष्ट. पण मिळालेल्या सीटचं पोरीने सोनं केलं. या खेळात नुसतं भरधाव जाऊन भागत नाही, वीज पुरवावी लागते. वळण यायच्या आधीच पाय उचलायचा, गाडी आपोआप मंदावू द्यायची, म्हणजे थोडी वीज उलटी बॅटरीत जाते. ताईच्या घरात वाढलेल्या मुलीला काटकसर कुणी शिकवायची? बाकीचे शेवटच्या फेरीत रखडायचे तेव्हा ही त्यांच्या शेजारून निघून जायची.

मामाला टीमने आधी बोलावलं ते तिच्या अंगाच्या मापाची सीट बसवायला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या माणसाची बोटं पट्ट्यांवर फार झरझर चालतात. झालं, गाडी बदलताना ड्रायव्हरला पट्टे बांधायचं काम मामाच्या गळ्यात पडलं. सहा पट्टे असतात. दोन खांद्यांवरून, दोन कमरेचे, दोन मांड्यांमधून. सगळे पोटावरच्या एका बकलात अडकवायचे आणि मग एकेक खेचून असे आवळायचे की ड्रायव्हर आणि गाडी एक झाली पाहिजे. खांद्याचे ढिले राहिले आणि गाडी भिंतीवर गेली, तर माणूस पुढे फेकला जातो आणि मान जाते. मामा शेवटी त्या दोन पट्ट्यांखाली बोट सरकवून बघायचा. बोट आत गेलं तर पुन्हा खेचायचा.

पहिली काही वर्षं यात कसली घाई नव्हती. गाडी बदलायला किमान इतका वेळ घ्यायचाच, त्याआधी निघालात तर दंड, असा नियमच होता. दोन्ही पट्टे आवळून झाले तरी हातात वेळ उरायचा. मामा बारकीच्या हेल्मेटवर टपली मारायचा, ती आतून डोळे मिचकावायची. मामाच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कुठले, तर हे.

मग खेळाला बरे दिवस आले आणि मामाचे फिरले. टीव्हीवाले आले, कंपन्या आल्या, आणि ज्यांनी नाकं मुरडली होती ते ड्रायव्हर वडिलांना आणि जाहिरातदारांना पुढे घालून सीट मागायला आले. लोकांना आणखी मजा यावी म्हणून कुणीतरी तो किमान वेळेचा नियम काढून टाकला. आता जो लवकर बदलेल तो पुढे. एसीत बसून असले निर्णय घेणाऱ्यांची मान कधी पट्ट्यात नसते.

मॅनेजरने मामाला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण खुर्ची सांभाळून होता. "मामा, बकल लागलं की हात वर करा. खांद्याचे ड्रायव्हर बाहेर पडल्यावर स्वतः ओढून घेईल. तपासनीस बकल बघतो, खेच बघत नाही."

"आणि ओढता नाही आले तर?"

"सगळ्या टीम हेच करतायत हो."

टीममध्ये दुसरा ड्रायव्हर होता, उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणायचे. त्याचे पट्टे बांधणारा तेच करायला लागला. बकल, हात वर, गाडी पसार. मामा मात्र आपला खेचायचा, बोट घालून बघायचा, पुन्हा खेचायचा. तेवढ्यात लंबू दोन गाड्या मागे टाकून निघून गेलेला असायचा. मॅनेजर बोटं मोडायचा. बारकी सुरुवातीला काही बोलली नाही, मग बोलायला लागली, मग भांडायला.

मोसमाच्या शेवटच्या रेसआधी मॅनेजरने तिला स्वच्छ सांगितलं. पहिल्या पाचांत आलीस तर पुढच्या वर्षी सीट तुझी. नाही आलीस तर एक नवा मुलगा तयारच आहे, त्याच्यामागे मोठी कंपनी आहे. रेसच्या सकाळी बारकी मामाकडे आली. तो गॅरेजच्या कोपऱ्यात उकिडवा बसून पट्ट्यांच्या कडा तपासत होता.

"मामा, आज खांद्याचे ढिले सोड. पहिल्या हळू वळणावर मी एका हाताने ओढून घेईन. मी करून बघितलंय."

"बारके, मान जाईल."

"मान नाही जाणार. सीट जाईल! कार्टच्या ट्रॅकवर लोकांची पोरं फिरवत बसू का जन्मभर, आईसारखी तिकिटं फाडू? माझ्यासाठी एवढं करशील की नाही, सरळ सांग."

मामाला तिच्याकडे बघवेना. लहानपणापासून या पोरीला त्याने नाही म्हटलेलं नव्हतं. "बरं," म्हणाला, "सोडतो ढिले."

आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं, हे लक्षात घ्या. फसवायचं त्याच्या डोक्यात नव्हतं.

शहराच्या रस्त्यांवरच ट्रॅक आखलेला. एरवी बस उभी राहते तिथे काँक्रीटच्या भिंती, भिंतींवर जाळी. अर्धी रेस झाली तेव्हा बारकी चौथी होती. चौथी! गाडी गॅरेजात शिरली, ती उडी मारून बाहेर आली, दुसरीत बसली. मामा वाकला. मांड्यांचे, कमरेचे, खांद्यांचे, बकल. टक. आता फक्त हात वर करायचा.

हात वर झाला नाही. दोन्ही हात खांद्याच्या पट्ट्यांकडे गेले आणि त्याने उजवा खेचला. बारकीने हेल्मेटच्या आतून आरडाओरडा केला, "सोड! मामा, सोड! तू बरं म्हणालायस!" त्याने डावा खेचला. तिने त्याच्या मनगटावर फटका मारला. त्याने बोट घालून बघितलं. बोट आत गेलं नाही. मग त्याने हात वर केला, आणि तोवर शेजारून दोन गाड्या निघून गेल्या होत्या.

बारकी सहावी आली. शेवटच्या फेरीत पाचव्याच्या इतकी मागे लागली होती की टीव्हीवाल्याचा ओरडून ओरडून घसा बसला. पण सहावी ती सहावी. लंबू ढिल्या पट्ट्यांनी तिसरा आला. त्याला काय झालं म्हणता? काही झालं नाही. त्या रेसमध्ये नाही, त्या आधीच्यात नाही आणि पुढच्या अख्ख्या मोसमात नाही. एकही गाडी भिंतीवर अशी गेली नाही की लोकांनी म्हणावं, बघा, मामा बरोबर होता. मामा वाट बघत होता असं नाही, पण झालं नाही एवढं खरं.

बारकी गाडीतून उतरली आणि हेल्मेट काढून त्याच्यासमोर उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू नाही म्हणाला असतास तर मी पट्टे बांधायला दुसऱ्या कुणाला उभं केलं असतं," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. आणि ते खरंच होतं.

ताईने दोघांमध्ये पडून बघितलं. एकदा जेवताना म्हणाली, "तुझ्या जिवासाठीच केलं ना ग मामाने." बारकीने ताट बाजूला सारलं. "कुठल्या जिवासाठी? धडधाकट बसलेय ना तुझ्यासमोर. दिवसभर घरी बसलेय." त्यानंतर ताईही भावाकडे येईनाशी झाली. फोन करायची, तब्येत विचारायची, ठेवून द्यायची. तिला तरी काय बोलणार? पोर तिच्या घरात तोंड फिरवून बसलेली.

पुढच्या वर्षी सीटवर नवा मुलगा आला. त्याचेही पट्टे मामाने तसेच आवळले, तेव्हा मॅनेजरने मामाला टायरकडे पाठवलं. आणि त्याच्या पुढच्या वर्षी तर सगळा प्रश्नच मिटला. नवी बॅटरी आली, पहिलीच्या दुप्पट दमाची, एका गाडीत पुरी रेस होणार. गाडी बदलणं बंद, बदलताना पट्टे बांधणंही बंद. मोठा समारंभ झाला. मॅनेजरने भाषण ठोकलं, की गाडी बदलायच्या त्या धोक्याच्या काळात आपल्या टीमच्या एकाही ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. टाळ्या पडल्या. लंबूनेही वाजवल्या. मामा मागच्या रांगेत होता. महिन्याअखेरीस त्याने गाशा गुंडाळला आणि पुन्हा दुकानाचं शटर वर केलं.

बारकीने बऱ्याच टीमचे उंबरे झिजवले. एव्हाना प्रत्येक सीटमागे कुणी ना कुणी मोठा उभा होता. सहावी येऊन सीट गमावलेली मुलगी कोण घेतो? शेवटी जुन्याच टीमने तिला नोकरी दिली. त्यांनी एक चकचकीत दालन काढलं होतं, आत पहिल्या वर्षांची ती गाडी मांडलेली. बारकीने टीमचा टीशर्ट घालायचा आणि आलेल्या पाहुण्यांना गाडीची माहिती सांगायची. पाहुणे त्या गाडीत बसून फोटो काढायचे. बसून बसून सीटचं कापड उसवलं आणि खांद्याच्या पट्ट्यांची शिवण सुटली, तेव्हा ऑफिसातल्या कुणीतरी जुन्या वहिवाटीने मामाला फोन लावला.

मामा गेला. जायला नको होतं, पण गेला. तिला बघून बरीच वर्षं झाली होती. ती दालनात दिसली नाही, म्हणून गुडघ्यांवर बसून गाडीत डोकं घालून शिवायला लागला. डावा पट्टा होत आला होता, तेवढ्यात पंधरा-वीस माणसांचा घोळका आला आणि त्यांच्यापुढे बारकी. तिने त्याला बघितलं. थांबली नाही. सांगत राहिली, बॅटरी कशी पुरायची नाही, ड्रायव्हर कसा उडी मारायचा. आवाज तयार झाला होता पोरीचा, लोक हसायच्या जागी बरोबर हसत होते.

"आणि पट्टे कोण बांधायचं?" एका बाईने विचारलं.

"असायचा एकजण. आमचा फार सावकाश होता," बारकी म्हणाली. "त्याच्या पायी माझी सीट गेली."

लोक हसले. मामाने सुईत नवा दोरा ओवला.

"तुम्हाला कधी लागलं का हो?" त्याच बाईने विचारलं.

"मला? छे. लागायला गाडी चालवायला तर मिळाली पाहिजे!"

पुन्हा हशा. घोळका पुढच्या काचेकडे सरकला. बारकी जाता जाता गाडीपाशी क्षणभर थांबली. "झालं का तुमचं?" तिने विचारलं. "पुढची मंडळी येतायत."

"झालंच," मामा म्हणाला.

ती गेली. मामाने खाली बघून टाका घातला, आणि घालता घालता त्याच्या मनात आलं की एकदा तरी ही पोर भिंतीवर आदळायला हवी होती. चांगली जोरात, त्याने आवळलेल्या पट्ट्यांत. जिच्या मानेपायी त्याने सगळं घालवलं, तिच्याबद्दल हे आपल्या मनात आलं, याने तो हादरला. त्याने तो विचार झटकून टाकला. पण उजवा पट्टा शिवायला घेतला, तेव्हा तो परत तिथेच होता.