काकाजी आणि कुलपाचा फोटो

मला बातमी लिहायला शिकवलं ते वामनकाकाजींनी. आर्णीत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि शिलाई मशीनवरच बसून ते एका दैनिकाची बातमीदारी करत. ज्याच्याविरुद्ध बातमी, त्याला ती आधी समोर जाऊन वाचून दाखवायची, ही त्यांची रीत. एका ठेकेदारानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं, तेव्हा उरलेल्या दोन ओळी त्यांनी अंगणातून वाचल्या होत्या.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गावाचा ब्लॉग सुरू केला तेव्हा काकाजी हसले. "संपादक नाही, अन् रद्दीही नाही? मजा हाये तुयी!" पण ब्लॉगवरचं गावच्या ग्रुपवर गेलं की रस्त्यावरचे बंद दिवे दोन दिवसांत लागत. काकाजींची बातमी पूर्वी जागेसाठी महिनाभर पडून राही. मला त्याचा डौल चढला.

लागोपाठ दोन मंगळवारी आरोग्य उपकेंद्राला कुलूप दिसलं. फोटो टाकून मी तिथल्या नर्सबद्दल लिहिलं, 'सिस्टर पगार घेतात, कामावर येत नाहीत.' पोस्ट तालुकाभर फिरली आणि चौथ्या दिवशी सिस्टरांना नोटीस आली.

काकाजींनी मशीन थांबवलं. "तिले वाचून दाखवलं काय?"

"नाही."

"मंग इचारलं कोणाले? कुलपाले?"

त्यांनी मला स्कूटरवर बसवून सिस्टरांच्या घरी नेलं. माझीच पोस्ट मला तिसऱ्या ओळीपुढे वाचवेना. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मंगळवारी तांड्यावर लसीकरण असते, भाऊ. दुसरी सिस्टर बदलून गेली. दोघींचं काम मी एकटीच करून राह्यली."

"काकाजी, पोस्ट पुसू काय?" मी बाहेर येऊन विचारलं.

"पुसू नको. लोकायनं चूक वाचली, आता दुरुस्तीही वाचू दे."

मी नावानिशी माफी लिहिली. ग्रुपवर टोमणे आले, "पत्रकारसाहेब, आता कोणाची नोकरी खाता?" मग तांड्यावरच्या एका आईनं बाळाच्या लसीकरण कार्डाचा फोटो टाकला. त्यावर त्यातल्याच एका मंगळवारची तारीख होती. तिच्यामागे कार्डांची रांगच लागली. ती सगळी छापून आम्ही तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात दिली.

निकालाआधीच काकाजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी केळापूरला लेकीकडे गेले, ते तिथेच राहिले. मोबाईल ते वापरत नाहीत, म्हणून मी पोस्टानं पत्र पाठवलं:

'काकाजींना नमस्कार.

सिस्टरांची नोटीस आज रद्द झाली. रिकाम्या जागेवर नवी सिस्टरही हजर झाली. मी सांगायला गेलो, तर सिस्टरांनी दाराला टेकून सगळं ऐकलं. मग आतून पाणी आणून दिलं. निघताना त्या म्हणाल्या, "भाऊ, मी कुठं असते ते लोकायले आधीच कळवत जा ना." आता दर सोमवारी ब्लॉगवर सगळ्यात वर मी एकच ओळ लिहितो: उद्या सिस्टर तांड्यावर भेटतील.'