कोरड्या तलावातला प्रॉम्प्टर

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. लहानपणी रस्त्यात लिंबू-गुलाल पडलेला दिसला की बाकीच्या पोरी वळसा घालून जायच्या, आणि मी लिंबू ताजं आहे का ते वाकून बघायची. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मी भरपूर हसले आहे. काहींच्या खाली खवचट कमेंटसुद्धा टाकल्यात. ज्यांना त्या लागल्या असतील त्यांनी आज खुशाल वचपा काढावा, मी काही म्हणणार नाही.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यात. एका बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दुसऱ्या बाजूला तलाव, आणि तलावाच्या बांधाला, आमच्या भाषेत पाळीला, लागून आमचा मासे धरणाऱ्यांचा ढिवर मोहल्ला. गोष्ट २००७ च्या आसपासची, मी अकरावीत होते तेव्हाची.

पण त्याआधी माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा तलावात मासे धरायचे, आणि दिवाळीनंतर नाटकांचा सीझन लागला की प्रॉम्प्टर म्हणून जायचे. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते — आमच्याकडे हिवाळाभर गावोगावी नाटकं चालतात. नटांना रोज नवं गाव, कधी कधी रोज नवं नाटक. पाठ करायला वेळ कोणाला? म्हणून विंगेत एक माणूस पुस्तक घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या तोंडात यायच्या आधी त्याच्या कानात टाकतो. बाबा या कामात पक्के होते म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी की ते काम करताना मी त्यांना कधी ऐकलंच नाही. मी आपली मायसोबत मागे, बायकांमध्ये बसलेली असायची.

मग त्यांना टीबी झाला. खोकणारा प्रॉम्प्टर कोणाला चालणार? शेवटचे सीझन त्यांनी घरीच काढले. नाटकाची गाडी गावातून गेली की उठून दारात यायचे, आणि पुन्हा जाऊन पडायचे. मी आठवीत असताना ते गेले.

एक फोटो होता, त्यामुळे चेहरा राहिला. आवाज मात्र गेला. दहावीच्या सुट्टीत एक दिवस माझ्या लक्षात आलं, की ते मला हाक कशी मारायचे ते मला आठवतच नाही. शब्द आठवायचे, आवाज नाही. डोळे मिटून खूप जोर लावला तर खोकला ऐकू यायचा, बस्स. आपल्या बापाचा आवाज आपण विसरलो, हे कोणाला सांगायचं? मी कोणालाच सांगितलं नाही. पण तो आवाज एकदा तरी ऐकायला मिळावा असं मला सारखं वाटायचं, वर्गात बसल्या बसल्यासुद्धा.

तर अकरावीत आम्हाला आयटी विषयाचा प्रोजेक्ट होता. आमचे सर नवीन होते, चंद्रपूरहून आलेले, अंगात भारी उत्साह. त्यांनी फळ्यावर ‘डिस्टोपिया’ असं लिहिलं आणि समजावून सांगितलं, की सगळ्याचं वाटोळं झालेलं भविष्य म्हणजे डिस्टोपिया. अशा एका सिनेमाचा फक्त ट्रेलर करायचा. सिनेमा नाही, ट्रेलरच. शारदा म्हणाली, “बरं झालं बाई, वाटोळं दाखवाले खर्च नाई लागत.”

ग्रुपमध्ये आम्ही तिघं. शारदा हिरोईन. प्रमोद कॅमेरामन, कारण त्याचे मामा लग्नाची शूटिंग करायचे आणि जुना कॅमेरा द्यायला तयार होते. आणि गोष्ट लिहिणारी मी. माझ्या गोष्टीत सन २०९९ उजाडलंय, सगळे तलाव आटलेत, माणसं निघून गेलीत. एक मुलगी एकटीच भटकत येते, तिला मातीत एक जाळं सापडतं, आणि हे कशासाठी असतं ते तिला कळत नाही. त्या साली पाळीच्या दुरुस्तीसाठी आमचा तलाव रिकामा केला होता. तळाला नुसत्या भेगा. सेट आयताच मिळाला. जाळं बाबांचं, खुंटीवर टांगलेलं होतं. मायनं ते खूप वेळ हातात धरलं आणि मग दिलं.

आता आमची अक्कल ऐका. आम्ही तिघांनी जन्मभर नाटकंच पाहिलेली. वाक्य बोलायचं म्हटलं की प्रॉम्प्टर हवा, हे आम्ही गृहीतच धरलं. आणि प्रॉम्प्टर कोण? तर प्रॉम्प्टरची मुलगी! मी कॅमेऱ्याच्या बाजूला उकिडवी बसून कागदावरून एकेक वाक्य सांगायची, शारदा ते ऐकून बोलायची. कॅमेऱ्याला माइक असतो आणि तो सगळंच टिपतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुपारची वेळ होती. शेवटचा शॉट जाळ्याचा. शारदा तळ्याच्या मध्यभागी गुडघ्यांवर बसलेली, कॅमेरा सुरू. तेवढ्यात तिच्या मागून शेळ्यांचा कळप शिरला. २०९९ साली जगात काहीच उरलेलं नाही, आणि मागे शेळ्या चरताहेत… मी उठून धावले. कागद माझ्या हातातच होते. शेळ्या हाकलत हाकलत मी पार पाळीपर्यंत गेले. परत आले तर प्रमोद कॅमेरा बंद करत होता.

“झाला ना शॉट,” तो म्हणाला.

मी म्हटलं, वाक्याशिवाय कसा झाला? शारदा जाळं झटकत उभी राहिली आणि मलाच विचारायला लागली, “काऊन वो, तुझा गळा बसला का? केवढा जाड आवाज काढून राह्यली होतीस.”

मला वाटलं मस्करी करते आहे. मीही काहीतरी उलटं बोलले आणि आम्ही सामान आवरलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही मामांच्या दुकानात मिक्सिंगला बसलो. मामांच्या कॉम्प्युटरमध्ये सगळे इफेक्ट लग्नाचे. आमच्या उजाड तलावावर एकदा तर गुलाबाची फुलं उडत आली आणि शारदा हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. मग टेप चालू झाली आणि आमची चूक कळली. प्रत्येक शॉटमध्ये आधी माझा आवाज, मग शारदाचा. मामांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “सगळा आवाज काढून फेका आन् म्युझिक टाका.”

शेवटचा शॉट आला. शेळ्यांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांची खडखड, लांबून माझं ‘हट् हट्’. शारदा गप्प बसलेली. मग अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या बाजूने, पुरुषाचा आवाज. दबका, पण एकेक अक्षर स्वच्छ.

“हां बाई… इथं पाणी होतं म्हणतात.”

शारदानं त्या दिशेला बघून मान हलवली आणि वाक्य म्हटलं. पुन्हा तो आवाज, “यात लोक काय पकडायचे?” पुन्हा शारदा बोलली. शॉट संपला.

प्रमोदनं टेप मागे नेऊन परत लावली. ‘हां बाई’ सोडलं तर ती वाक्यं माझी होती, जशीच्या तशी. कागद माझ्या हातात आणि मी पाळीवर. प्रमोद शपथेवर म्हणाला की शॉटच्या आधी आणि नंतर तिथे चौथं माणूस नव्हतं. “मले वाटलं तूच वापस आली. मी तं कॅमेऱ्याले डोळा लावून होतो, बाजूले पाह्यलंच नाई.” शारदाच्या डोळ्यांवर ऊन होतं, तिनंही आवाज माझाच धरला होता.

त्या दोघांना भीती वाटली. मला नाही वाटली. मला एकच प्रश्न पडला होता, हे बाबा आहेत का? आणि तोच मला सोडवता येत नव्हता. इतके दिवस ज्या आवाजासाठी जीव टाकला, तो कदाचित समोरच्या टीव्हीत बोलत होता, आणि मला तो ओळखता येत नव्हता. त्या दुकानात मी जी रडले, ती भुताच्या भीतीनं नाही, ह्या लाजेनं रडले.

दुसऱ्या दिवशी मायला घेऊन गेले. तिला काही सांगितलं नव्हतं, नुसतं म्हटलं, शूटिंग बघायला चल. आवाज आला तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

“अजून एक डाव लावा ना, भाऊ,” ती मामांना म्हणाली.

मामांनी लावली. मग पुन्हा. ती सांगत राहिली, ते लावत राहिले. शेवटी मीच विचारलं, “माय, बाबा होत का?”

“मले नाई समजून राह्यलं वो,” ती म्हणाली. “घरी ते असं हळू कधी बोललेच नाई. या पाळीवरून त्या पाळीवर आवाज जाये त्याइचा. नाटकात कसे बोलत, ते मी कुठी आयकली?”

“पण तुले काय वाटते?”

“मले वाटून काय उपेग?”

बस्स, एवढंच. घरी येताना अर्ध्या रस्त्यात ती थांबली. मग एकदम म्हणाली, “खोकला नोहता पण. साफ बोलत होता जो कोणी होता तो. एकडावबी खोकलला नाई.” आणि ती रस्त्यातच रडायला लागली. बाबा गेल्यावर मी तिला तशी रडताना पाहिलं नव्हतं. मी तिचा हात धरून उभी राहिले.

ट्रेलरवर म्युझिक चढलं, सरांनी मार्क चांगले दिले. मामांनी ती टेप न मागता माझ्या हातात ठेवली. ती वाजवायला आमच्याकडे काही नव्हतं, म्हणून ती पेटीत कपड्यांखाली राहिली. माय गेली. मी नोकरीसाठी नागपूरला आले, आणि काही वर्षांपूर्वी एका दुकानात ती टेप सीडीवर उतरवून घेतली.

सगळं उतरलंय. शेळ्यांची खडखड आहे, माझं ‘हट् हट्’ आहे, बाकीच्या शॉटमधलं माझं प्रॉम्प्टिंगही आहे. शेवटच्या शॉटमध्ये शारदा गप्प बसते, बाजूला बघते, कोणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवते आणि बोलते. मधल्या जागेत फक्त वारा आहे. दुकानदाराला पुन्हा उतरवायला लावली, मूळ टेपही त्याच्या मशीनवर ऐकली. तेच. शारदा आता गडचिरोली जिल्ह्यात मुलचेऱ्याकडे शिक्षिका आहे. तिला फोन करून विचारलं तर म्हणाली, “मी तं आयकूनच बोलली ना वो. आपल्या मनानं एक शब्द तरी बोलता येत होता का मले?”

टेप खराब झाली, आम्हा सगळ्यांनाच भास झाला, काय म्हणायचं ते म्हणा, मी वाद घालणार नाही. माझ्या डोक्यात आता एक आवाज आहे. कधीही डोळे मिटले की येतो, खोकल्याशिवाय येतो. पण तो माझ्या बापाचा आहे की दुसऱ्या कोणाचा, हे सांगणारं घरात कोणी उरलेलं नाही.

म्हणून हे इथे लिहितेय. नव्वदच्या दशकात तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमच्या घरातल्या कोणी, सावली-सिंदेवाहीकडच्या नाटकांत काम केलं असेल, आणि विंगेत मफलर गुंडाळून बसलेला एक काळासा, उंच प्रॉम्प्टर आठवत असेल, तर कृपा करून लिहा. तो कसा बोलायचा ते लिहा. आवाज जाड होता की बारीक. आणि बाईच्या वाक्याआधी तो ‘हां बाई’ म्हणायचा का, एवढं नक्की लिहा.