मालोजीची तेलगाळणी

पोलादपूरच्या मालोजी सकपाळाला चहात माशी पडलेली चालायची. ती बोटानं काढून तो उरलेला चहा प्यायचा. भातात खडा लागला तर चावून मोकळा व्हायचा. पण इंजिनाचं तेल म्हटलं की या माणसाचं सोवळं सुरू. मी त्याचा शेजारी, शिवाय त्याच्या मोटारीतून रोज महाडला जाणारा उतारू, त्यामुळे हे सोवळं मला दोन्हीकडून भोगावं लागलं.

सन चौतीसची गोष्ट. त्या रस्त्यावर मालोजीची एक सर्व्हिस मोटार होती आणि महाडच्या मुरारीची दुसरी. रस्त्याची तांबडी धूळ इंजिनात शिरायची आणि आठवड्याभरात तेल डांबर होऊन जायचं. मुरारीनं मुंबईहून तेल गाळायचा चकचकीत डबा आणवून बसवला आणि आल्यागेल्याला बॉनेट उघडून दाखवू लागला. मालोजी म्हणे, हा नुसता दिखाऊपणा. तो दर रविवारी तेल काढून मडक्यात निवळत ठेवायचा आणि बायकोच्या लुगड्याच्या चार घड्यांतून गाळून परत ओतायचा. नव्या लुगड्याची खळ तेलात उतरते, म्हणून त्याला जुनंच लागे, धुऊन धुऊन मऊ झालेलं. इंजिन झकास चाले. हे मला कबूल करावं लागतं, आणि करताना रागही येतो.

कारण नेमकी तसलीच लुगडी त्याची बायको, आमच्या चंद्रभागावहिनी, दोन वर्षं पेटीत साठवत होत्या. त्यांची लेक मैना पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी येणार. बाळाची दुपटी आणि लंगोट त्यातूनच निघायचे होते. मैना आली त्या दिवशी वहिनींनी पेटी उघडली. आत फक्त एक चोळी होती. लुगडी परसात वाळत होती, काळीकुट्ट.

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्या इंजिनाची घाण गाळाया माजी पाच लुगडी गेली," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता नातवंडाची कशात गाळू, ते सांगा."

मालोजीनं ती लुगडी राखेनं धुतली, रिठ्यानं धुतली, शेवटी रॉकेलनं धुतली. ती काळीच राहिली आणि वर वास मारू लागली. मग तसला डबा कुठं मिळतो ते विचारायला तो मुरारीकडे निघाला. वर्षभर ज्याची टिंगल केली त्याच्याच दारात जायचं, म्हणून सोबतीला मला घेतलं. मी आनंदानं गेलो.

मुरारी नेमका डबाच उघडून बसला होता. आम्हाला पाहून तो डब्यापुढं आडवा आला, पण उशीर झाला होता. डब्यातून अर्धवट बाहेर आलेल्या काळ्या बोळ्याला हिरवा काठ होता. मुंबईची गाळणी दोन महिन्यांतच बुजली, नवी परवडेना, तेव्हापासून बायकोची लुगडीच आत कोंबतोय, असं त्यानं खालमानेनं सांगितलं.

"तुज्या बनुबाईला ठाव हाय?" मालोजीनं विचारलं.

"नाय. तिला वाटतं परीट चोर हाय."

घरी परत येताच मालोजीनं खुंटीवरची आपली तिन्ही जुनी धोतरं काढली आणि वहिनींपुढं ठेवली. आता घालायला अंगावरची खाकी विजार तेवढी उरली. वहिनींनी धोतरं गालाला लावून पाहिली. मग एकाची वीतभर पट्टी टर्रकन फाडून त्याच्या हातात दिली.

"ही आत्ता इंजिनाला," त्या म्हणाल्या. "बाकीच्याचे लंगोट. ते नातवंड चालाया लागल्यावर मिळतील. धुऊन देईन."