मखराच्या खोलीतली बरणी

डॉ. जगदीश खांबेटे यांनी लखनौच्या एका संशोधन संस्थेत एकतीस वर्षे किण्वनशास्त्राची एकनिष्ठ उपासना केली. परंतु ज्या सूक्ष्म जीवांवर त्यांनी निबंध लिहिले, त्यांच्या कर्तृत्वाचा एक थेंबही कधी जिभेवर ठेवला नव्हता. उलट अलीगंजच्या महाराष्ट्र मंडळात दर गणेशोत्सवात मद्यपानाच्या दुष्परिणामांवर त्यांचे व्याख्यान होई. श्रोते ते भक्तिभावाने ऐकत आणि संपताच लगबगीने पानावर बसत. यंदा तर मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे यायचे होते. उत्सवाच्या दुसऱ्या संध्याकाळी, मुलांनी केलेला चित्रपट दाखवून झाला की घोषणा.

अशा पुण्यशील पुरुषाला निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आषाढात, निशातगंजच्या बाजारातली टपोरी जांभळे पाहून मोह पडला. आयुष्यभर कागदावर घडवलेले द्रव्य एकदा हाताने घडवावे, एवढीच ती वासना.

"पाच किलो?" पत्नी चित्राताईंनी पिशवी पाहून विचारले.

"मधुमेहावर काढा करतो."

"आपल्याला कुणाला मधुमेह नाही."

"होऊ नये म्हणून."

जांभळे कुस्करली, साखर व यीस्ट पडले, आणि बरणी गच्चीवरच्या खोलीत गेली. तिथे मंडळाचे पुठ्ठ्याचे मखर ठेवलेले असे. एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत तिकडे कोणी फिरकत नसे. डॉक्टरांनी द्रव्याच्या परिपाकाचा काळ अचूक मोजला होता. पंचांग मात्र पाहायचे राहिले. भाद्रपद जवळ आला, आणि नात सावनी मैत्रिणींसह मखराचा पडदा आणायला, मोबाइल घेऊन, त्या खोलीत शिरली.

उत्सवात चित्रपट सुरू झाला. बरणीत कोंडलेल्या राक्षसाची ती कथा. पडद्यावर बुडबुडे उसळले. आणि मागोमाग, बरणीला कान लावून बसलेले, दाराआडून टिपलेले, साक्षात डॉक्टर.

"श्वास चालू आहे ना, राजा?" पडद्यावरचे डॉक्टर कुजबुजत होते. "घाई करू नकोस. तुला अजून कुणाला दाखवायचं नाही."

सभागृह हास्याने दुमदुमले. एकतीस वर्षांची कीर्ती आता त्या बरणीतल्या बुडबुड्यासारखी फुटणार, हे खुर्चीतल्या डॉक्टरांना स्पष्ट दिसले.

कार्यवाह विनय टाळ्या वाजवत उठला. "काका, एवढा मोठा नट आमच्यापासून लपवलात?"

"एक्टिंग नहीं थी," सावनी प्रामाणिकपणे म्हणाली. "आजोबा सच में बात कर रहे थे."

लोक अधिकच हसले.

"बरं, बरणीत काय होतं हो?" विनयने विचारले.

सत्य जिभेच्या टोकाशी आले, आणि समोरच्या तबकातला झेंडूचा हार पाहून मागे फिरले.

"रंगीत पाणी," डॉक्टर म्हणाले. हार गळ्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्राताई ती बरणी घेऊन अंगणात उभ्या होत्या.

"अध्यक्षांनी चारचौघांत सांगितलं, रंगीत पाणी आहे. म्हटलं, जास्वंदीला घालावं. की अध्यक्ष खोटं बोलले?"

डॉक्टरांनी हाराकडे पाहिले. तो खुंटीवर अजून ताजा होता.

"घाल," ते म्हणाले.

धार लागली. ओल्या मातीवरून एक प्रगल्भ, गंभीर, किंचित तुरट सुगंध उठला. दोष शोधायला सरावलेल्या त्या नाकाला त्यात नाव ठेवायला जागा सापडेना.

"जमलं होतं," ते स्वतःशीच पुटपुटले.

"काय जमलं?" बरणी पालथी करीत चित्राताईंनी विचारले.

"अध्यक्षपद," डॉक्टर म्हणाले.