गवताचे त्रेचाळीस कागद

साहेबांना सगळं जग पाखरांसाठी ओळखायचं. रेडिओवर त्यांची भाषणं व्हायची, परदेशातले लोक पत्ता शोधत नागपुरात उतरायचे, आणि रिक्षावाल्याला नुसतं "पाखरंवाले साहेब" म्हटलं की तो धरमपेठेतल्या त्या बंगल्यापुढे आणून सोडायचा. पण बंगल्याच्या मागच्या खोलीत चार लोखंडी कपाटं होती, आणि त्यांत एकही पाखरू नव्हतं. चारही कपाटं गवतानं भरलेली होती. वाळवलेलं, दाबलेलं, जाड कागदावर दोऱ्यानं शिवलेलं गवत. हे फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ते म्हातारपणाचा चाळा म्हणून सोडून द्यायचे.

मला ठाऊक होतं, कारण ते शिवायला मी होते. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. वनस्पतिशास्त्र घेऊन मी नुकतीच पदवीधर झाले होते, इतवारीत मावशीकडे राहत होते, आणि आठवड्यातून चार दिवस सायकल मारत साहेबांकडे जायचे. मला वाटलं होतं, पाखरांचं काम मिळेल. पहिल्या दिवशी त्यांनी सुई-दोरा हातात दिला तेव्हा माझं तोंड उतरलं, आणि ते लपवण्याइतकी मी शहाणी नव्हते.

"गवत काहून?" मी विचारलं. रागात असले की माझ्या गावाची, खाप्याची बोली आपोआप बाहेर यायची.

ते हसले. म्हणाले, "तीस वर्षं मी घरट्यांची वर्णनं लिहिली. चंडोलाचं घरटं गवताचं, मुनियाचं घरटं गवताचं. एकदा एका पोरानं विचारलं, कोणत्या गवताचं? मला सांगता येईना. पाखराला माहीत होतं, मला नव्हतं. मग लाज वाटली."

त्या लाजेपायी या माणसानं पन्नाशीनंतर शाळकरी मुलासारखा अभ्यास सुरू केला होता. टेबलावर भिंग, भिंगाखाली तांदळाच्या कणीएवढं फूल, आणि ते सुईनं उकलत बसलेले साहेब. पाखरांवर बोलायला आलेला पाहुणा समोरच्या खोलीत चहा पिऊन कंटाळायचा आणि बाईसाहेब आतून हाक मारून मारून थकायच्या.

त्या वर्षी त्यांना घाई होती. पारशिवनीच्या वरच्या अंगाला नदीवर धरण होत होतं. खोऱ्यातली गावं उठायला लागली होती, आणि पुढच्या पावसाळ्यात ती थडी, ते उतार, ते धानाचे बांध, सगळं पाण्याखाली जाणार होतं. माणसांची यादी सरकारनं केली होती, झाडांचीही केली होती, कारण लाकूड विकलं जातं. गवताची कोणी केली नव्हती. साहेबांचा गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता, तरी ऑक्टोबरात आठ दिवस ते तिकडे राहून आले. येताना त्रेचाळीस नमुने आणले. जुन्या वर्तमानपत्रांत घातलेले, दोन लाकडी जाळ्यांमध्ये पट्ट्यांनी आवळलेले.

दुसऱ्याच दिवशी त्यांना पाखरांच्या एका बैठकीला दिल्लीला जायचं होतं. जाताना एवढंच सांगितलं, "रोज कागद बदल. ओले राहिले तर बुरशी येईल."

मी बदलले. चार दिवस, न चुकता. ओला पेपर काढायचा, गवत अलगद कोऱ्या, कोरड्या पेपरात सरकवायचं, पुन्हा पट्टे आवळायचे. काढलेले पेपर मी उन्हात वाळवून बाईसाहेबांना द्यायचे. दिवाळीच्या आधीची सफाई चालली होती आणि न्हाणीघरातल्या बंबाला त्यांना कागद लागायचाच. काही पेपरांच्या कडेला पेन्सिलीनं आकडे लिहिलेले मी पाहिले होते. सतरा. एकोणतीस. आमच्या इतवारीतला पेपरवाला घराचा नंबर असाच कोपऱ्यात लिहायचा. तसलंच काही असेल म्हणून मी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

साहेब परत आले. बॅग खाली ठेवून आधी मागच्या खोलीत गेले, पट्टे सोडले, पहिला पेपर उघडला, दुसरा उघडला. कडा पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"जुने कागद कुठे आहेत?"

मी बंबाकडे बोट दाखवलं.

आता सांगायला हवं, ते आकडे काय होते. साहेबांच्या डायरीत प्रत्येक आकड्यापुढे ठिकाण लिहिलेलं होतं. सतरा, नदीची थडी, ओली वाळू, कमरेइतकं उंच. एकोणतीस, गुरांच्या उताराचा चिखल. डायरी शाबूत होती, गवतही शाबूत होतं. दोन्हींना जोडणारा आकडा फक्त पेपरच्या कडेवर होता, आणि तो साहेबांच्या घरच्यांच्या आंघोळीच्या पाण्याखाली जळला होता. गवताचं नाव पुस्तकावरून लावता आलं असतं. पण कुठलं, कशातलं, हे गेलं होतं. आणि पुन्हा जाऊन बघावं तर तिथलं गवत आता वाळून झडणार होतं, नवं उगवेल तोवर ती जागाच राहणार नव्हती.

साहेब खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. आयुष्यभर मी पाखराच्या पायाला चिठ्ठी बांधली. गवताची काडी बारीक म्हणून आळस केला."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी उलट बोलले असते, रडले असते, मोकळी झाले असते. त्यांनी चूक स्वतःकडे घेतली आणि मला काही करायलाच शिल्लक ठेवलं नाही. मी कशीबशी म्हणाले, "अंदाजानं लिहू का? बरेचसे जुळतील."

"अंदाजानं ठिकाण लिहायचं नाही," ते म्हणाले. "पुढचा माणूस ते खरं धरून चालतो. बाजूला ठेव. शिवू नकोस."

त्या शनिवारी मी एसटीनं खाप्याला घरी गेले ते पुन्हा साहेबांकडे न जाण्याचं ठरवूनच. माझी माय लोकांच्या शेतावर निंदणाला, तण उपटायला जायची. लग्नाआधीपासून जायची. मी कॉलेजात मैत्रिणींना "आमची शेती आहे" असं मोघम सांगायचे, आणि माय नागपूरला आली की तिला घराबाहेर फारसं काढायचे नाही. हे लिहिताना आजही कानाची पाळी तापते, पण ते तसंच होतं.

तिनं भाकर थापता थापता विचारलं, "काहून रडून राहिली वं?"

मी सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, "गवतच ना? दाखव मले."

"तुले काय समजते त्यातलं?" मी वसकन बोलले. "शास्त्राचं काम आहे ते."

मायनं तव्यावरची भाकर उलटली. मग शांतपणे म्हणाली, "मग मी इतकी वर्सं काय उपटून राहिली वं?"

सोमवारी आम्ही दोघी पहिल्या एसटीनं नागपूरला आलो. मावशीकडून सायकल घेतली, पण कॅरिअरवर माय बसायला तयार होईना, म्हणून सायकल हातात धरून तिच्यासोबत पायी धरमपेठेपर्यंत गेले. तिनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं, आणि वाटभर मला काळजी एकच, ती साहेबांपुढे काय बोलेल.

साहेबांनी तिला खुर्ची दिली. ती खाली बसली. मग तेही गुडघा सांभाळत खाली सतरंजीवर बसले. मी कशासाठी आणलंय ते ऐकून त्यांनी मान हलवली, पण ते त्रेचाळीस बाहेर काढले नाहीत. कपाटातून आधीच्या वर्षांचे, ठिकाण पक्कं ठाऊक असलेले कागद काढले, त्यांवरच्या ठिकाणाच्या चिठ्ठ्यांवर हात ठेवला आणि एकेक तिच्यापुढे धरला.

"हा कुंदा," माय म्हणाली. "काळ्या वावरातला. पाहा ना, मूळ कसं खोल गेलं. हा तुटते, निघत नाही." पुढचा. "हे मारवेल. बांधावरचं. ढोरानं खाल्लं आन् पुन्हा फुटलं, म्हणून खालून जाड हाये." पुढचा. "हे कुसळी. बरड जागेतलं. लुगड्याले चिकटते." आणखी एक. "हा सावा, पण धानात उभा होता. बुडाशी काळा पडला पाण्यानं."

साहेब चिठ्ठीवरचा हात उचलून पाहायचे आणि पुन्हा ठेवायचे. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मग त्यांनी एक कागद पुढे केला, लांब तुऱ्याचा. मायनं तो उलटा करून पाहिला, बोटानं पान चोळलं, वास घेतला.

"हे मले नाही माहीत," ती म्हणाली. "आमच्याकडे नाही होत हे."

मला वाटलं, संपलं. सांगून टाकायचं होतं काहीतरी, असं मनात आलं आणि मी तिच्यावर चिडलेसुद्धा. पण साहेबांनी हात उचलला आणि चिठ्ठी मला दाखवली. तो नमुना सातपुड्याच्या पार वरच्या रानातला होता.

"बाई," ते मायला म्हणाले, "आता सांगा. मी लिहून घेतो." आणि त्रेचाळिसांचा गठ्ठा त्यांनी स्वतः उचलून आणला.

दोन दिवस लागले. माय काडी पाहायची, मूळ पाहायची, कधी दात लावायची, आणि सांगायची. साहेब डायरीत शोधायचे. जुळलं तर आकडा लिहायचे, दोन ठिकाणांत गोंधळ झाला तर पुन्हा विचारायचे. ती एकदाही घाईनं बोलली नाही. चौतीस जुळले. नऊ राहिले. त्या नवांवर माय फार वेळ थांबली आणि प्रत्येकाला "नाही माहीत" म्हणाली. मी दोनदा सुचवायचा प्रयत्न केला तेव्हा दोघांनी मिळून मला गप्प केलं.

चौतीस चिठ्ठ्या मी टाइप केल्या. साहेबांनी प्रत्येकीवर खाली एक जादा ओळ घालायला लावली: मूळ आकडा हरवला, ठिकाण अमुक बाईंनी ओळखलं. अमुकच्या जागी मायचं पूर्ण नाव. इंग्रजी टाइपरायटरवर ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा उमटवत होते. चौतीस वेळा. दहाव्या-बाराव्या वेळेला मला दिसेनासं झालं आणि उठून तोंड धुऊन यावं लागलं. नऊ कागदांवर ठिकाणाची जागा कोरी ठेवली.

पुढे मला कॉलेजात नोकरी लागली, तरी रविवारी मी जात राहिले. आम्ही प्रत्येक काडीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधू लागलो. धरण भरलं. मी खाप्याला गेले की माय भाकर वाढता वाढता विचारायची, "त्या नवाचं काय झालं?" काही झालेलं नसायचं. ती हात पुसत बसायची, घरातलं काही हरवून सापडत नसल्यासारखी.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं आणि साहेब गेले. शोकसभेला सभागृह भरलं होतं. एकेक जण उठून पाखरांबद्दल बोलला. छान बोलले, खरंही बोलले. गवताचा ग कोणाच्या तोंडून निघाला नाही. मला उठून ओरडावंसं वाटत होतं आणि मी बसून राहिले. पुढे बाईसाहेबांनी कपाटं आमच्या कॉलेजला दिली आणि ती डायरी माझ्या हातात ठेवली. "गवताचं तुलाच ठाऊक," म्हणाल्या.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी माय नागपूरला आली. पारशिवनीकडे नात्यातल्या एका बारशाला गेली होती, तिथून तशीच परस्पर आलेली. पिशवीतून तिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गवत काढलं, मुळासकट. धरणाच्या पाण्याच्या कडेला, ढोरं प्यायला उतरतात तिथल्या चिखलात तिला ते दिसलं होतं. काडीला लुगड्याच्या काठाची चिंधी घट्ट बांधलेली होती.

"नवातलं हाये हे," ती म्हणाली. "चिंधी काडीलेच बांधली. कागदाचा तुया काही भरोसा नाही, तू जाळून टाकशीन."

मी हसले, आणि हसता हसता रडले. ती माझ्याकडे कौतुकानं वगैरे पाहत नव्हती. ती कपाट उघडायची वाट पाहत होती.

कॉलेजला सुट्टी होती. शिपायाकडून किल्ली घेऊन आम्ही आत गेलो. नऊ कागद टेबलावर मांडले. मायनं ओली काडी एकेकाशेजारी धरली आणि पाचव्यावर ठेवली. तुरा तोच, पानाचा काठ तोच. मी डायरी काढली. न जुळलेल्या नऊ नोंदींत चिखलाची एकच होती. एकोणतीस, गुरांच्या उताराचा चिखल. साहेबांचं अक्षर. मी पेन घेतलं, कोऱ्या जागेत ठिकाण लिहिलं, खाली मायचं नाव लिहिलं आणि शाई वाळायची वाट पाहिली. मायला वाचता येत नव्हतं, तरी ती वाकून अक्षरांकडे पाहत होती.

मग तिनं तो कागद उचलून बाजूला ठेवला आणि उरलेले जवळ ओढले.

"आठ राहिले," ती म्हणाली.